पगाराच्या शीटमधला नववा रकाना: गोव्याच्या स्टार्टअप धोरणकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्याचं स्टार्टअप धोरण आखणारे, राबवणारे आणि त्यातल्या अनुदानाच्या फायली तपासणारे सर्वजण,
पणजी.

स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातली. बी. कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका सीएकडे काढली आणि जून 2022 मध्ये पर्वरीच्या एका स्टार्टअपमध्ये अकाउंट्स बघायला लागले. तीन महिन्यांत एचआरही माझ्याच गळ्यात आलं. छोट्या कंपनीत तसंच असतं. ज्याच्या टेबलावर पंचिंग मशीन, त्याच्याकडे सगळे कागद. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आता बंद आहे, आणि हे पत्र तिच्याविषयी असलं तरी तिला उद्देशून नाही.

माझ्याकडे पगाराची एक एक्सेल शीट होती. आठ रकाने: नाव, हुद्दा, खाते क्रमांक, ग्रॉस, पीएफ, टीडीएस, हातात पडणारी रक्कम, जमा झाल्याची तारीख. जुलै 2023 मध्ये मी तिला नववा रकाना जोडला. त्याला नाव दिलं ‘सांगितलं’. पगार का लांबला याचं कुणाला काय कारण सांगितलं, ते त्यात लिहायचं. डेव्हलपरना ‘गुंतवणूकदाराचे पैसे सोमवारी येतायत’. सपोर्टच्या मुलींना ‘बँकेचा सर्व्हर’. ऑफिसातल्या शिपायाला ‘साहेब बंगळुरूला आहेत, सही राहिली’. माणूस बदलला की कारण बदलायचं, कारण सर्व्हरचं कारण डेव्हलपरला सांगितलं असतं तर तो तोंडावर हसला असता. आणि हे लिहून का ठेवायचं? तर दुपारी सगळे एकाच टेबलावर डबे उघडतात म्हणून. दोन थापा डब्यांबरोबर एकमेकींसमोर आल्या की पंचाईत.

हे मी करत होते. पत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाला दोष देताना तुम्हाला माझीही जागा माहीत असेल.

आमचा धंदा खोटा नव्हता, हेही लिहायला हवं. बुडालेल्या कंपनीची गोष्ट निघाली की लोक पहिल्या वाक्यात तिला फसवी ठरवून मोकळे होतात. आम्ही किनाऱ्यावरच्या लहान गेस्ट हाऊसवाल्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर देत होतो. मोरजी, हरमल, तिकडे पाळोळे, आगोंदा. आठ-दहा खोल्यांचा मालक वहीत नावं लिहायचा, एकच खोली दोन साइटवर दोघांना विकली जायची आणि ऐन डिसेंबरात रात्री अकरा वाजता दुसरं गिऱ्हाईक बॅगा घेऊन दारात उभं. हा त्रास खरा होता आणि आमचं सॉफ्टवेअर तो खरंच मिटवत होतं. मोरजीच्या एका मालकिणीने नाताळात आम्हाला डबाभर नेवऱ्या पाठवल्या होत्या.

पण ऑक्टोबर ते मे पैसे भरणारे हेच मालक जून लागला की गप्प. शॅक उतरतात, गेस्ट हाऊसवर निळी ताडपत्री चढते आणि सपोर्टच्या फोनवर एकच विनंती: चार महिने बंद ठेव, मग परत चालू करतां. गोव्यात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, आमसोलं, तांदूळ भरून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करणारी माणसं आपण. आमच्या बिझनेस प्लॅनमध्ये पुरुमेंत नव्हतं. त्यात बारा महिने सारखी वर चढत जाणारी एक निळी रेघ होती. ती रेघ मीच पॉवरपॉइंटमध्ये ओढली होती, संस्थापकाने सांगितलेल्या आकड्यांवर, आणि ती पाहून बाहेरच्या तिघांनी पैसेही घातले. तिघांपैकी एकानेही पावसाबद्दल विचारलं नाही.

पगार पहिल्यांदा लांबला तेव्हा नऊ दिवसांनी लांबला. मग सोळा. मग अर्धा आत्ता, अर्धा नंतर. थकबाकीचंही एक वळण असतं. पहिल्या महिन्यात लोक विचारतात, दुसऱ्या महिन्यात चिडतात, तिसऱ्या महिन्यात विचारणं बंद करतात, आणि त्या शांततेला मीटिंगमध्ये ‘टीमचा समजूतदारपणा’ म्हणतात.

याच काळात ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य दर शुक्रवारी ऐकू यायला लागलं. मला ते ऐकलं की आजी आठवायची. आजीचं माहेर मुंडकारांचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचं. जमिनीचा मालक भाटकार, तोसुद्धा मुंडकाराला घरचाच म्हणत असे. लग्नाकार्याला बोलवायचा, अडीअडचणीला धावायचा, आणि मनात आलं की घर खाली करायला सांगायचा. घरच्यांना कायदा कशाला लागतो? तरी 1975 साली मुंडकार संरक्षण कायदा करावा लागलाच ना. तुलना थोडी ताणलेली आहे, कबूल. लॅपटॉपवर बसणारा पोरगा काही मुंडकार नव्हे, तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. पण जाताना तीन महिन्यांचा पगार मागे ठेवून जावं लागत असेल, तर त्याचेही पाय बांधलेलेच. आमच्याकडे कितीतरी जण केवळ थकलेले पैसे बुडतील या भीतीने टिकून राहिले. जितकं थकायचं तितकं सोडणं कठीण व्हायचं.

आता पीएफचं. तुम्ही फायली बघणारे, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या सगळ्यांचा पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर धरलेला होता, म्हणजे माणशी 1,800 रुपये कपात आणि तेवढीच कंपनीची भर. तेव्हा आम्ही 23 जण होतो. महिन्याला 41,400 रुपये आमच्या पगारातून कापले जायचे. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत चलन भरायचं असतं. एप्रिल 2024 पासून चलन भरणं थांबलं. कपात थांबली नाही. सॅलरी स्लिपवर ‘पीएफ 1,800’ हे मी छापत राहिले. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, नुसती दिरंगाई नव्हे. हे सीएच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी शिकले होते. म्हणून संस्थापकाच्या केबिनमध्ये गेले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतः सात महिने पगार घेतला नव्हता, आईचे दागिने गहाण ठेवले होते. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “उशिराचं व्याज किती?” मी म्हटलं, वर्षाला 12 टक्के, आणि दंड वेगळा. तो म्हणाला, “बारा टक्क्यांनी आज मला दुसरं कोण देणार आहे?”

तो गंमतीने म्हणाला होता. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आम्ही कंपनीचे नोकर राहिलो नव्हतो, सावकार झालो होतो. न विचारता नेमलेले, कागदपत्र नसलेले सावकार. गुंतवणूकदाराने पैसे घातले की करार होतो, पन्नास पानांचा, कलमं-उपकलमं. बँक देते तेव्हा तारण घेते. आमच्याकडून महिन्याला सात-आठ लाख रुपयांचं श्रम उधार घेतलं जात होतं आणि त्याची नोंद फक्त माझ्या नवव्या रकान्यात होती.

टीडीएसचंही तेच. दोघा सीनियर डेव्हलपरनी जुलै 2024 मध्ये रिटर्न भरायला 26एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला तर शेवटच्या तिमाहीचा कर दिसेना. स्लिपवर कापलेला, सरकारजमा नाही. एकाला मागणीची नोटीस आली. 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 205 सांगत होतं की पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्यापुरती वसुली पुन्हा कर्मचाऱ्याकडून करता येत नाही. पण हे त्या मुलाला कळायला, मग पटवून द्यायला आणि स्लिपा जोडून उत्तर लिहायला त्याचे तीन रविवार गेले. उत्तर मी लिहून दिलं. ज्या हाताने स्लिप बनवली त्याच हाताने.

इसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेची, गोष्ट एका परिच्छेदात संपवते, कारण ती आमच्याकडेही तेवढ्यातच संपली. पगारवाढीऐवजी शेअरचे पर्याय दिले. चार वर्षांचं वेस्टिंग, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने हक्काचे व्हायचे; पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. सपोर्टच्या मुलीने मला विचारलं, “हे विकून सोसायटीचं कर्ज फिटेल?” मी म्हटलं, बघूया. नववा रकाना: ‘बघूया’.

2024 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 7 सप्टेंबरला होती. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, हे 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात लिहिलेलं. त्याला महिना 24 हजारांची मर्यादा होती आणि आमच्यातले निम्मे त्याच्या वर, ही गोष्ट वेगळी. तर कायद्याची तारीख आणि गणपतीची तारीख त्या वर्षी एकच. तोवर आम्ही 19 उरलो होतो. 6 तारखेला, शुक्रवारी दुपारी कंपनीच्या खात्यात 1,38,000 रुपये होते. ऑगस्टचा पगार सहा लाखांच्या घरात. क्लाउडचं 62 हजारांचं बिल दुसऱ्या दिवशी कार्डावरून आपोआप जाणार होतं.

संस्थापक म्हणाला, सर्व्हर बंद पडला तर सगळंच संपलं. खोटं नव्हतं. सर्व्हरवाला पैसे मिळाले नाहीत तर सेवा बंद करतो. घरमालक कुलूप घालतो. वीज खातं जोडणी तोडतं. एकट्या पगाराचंच असं आहे की तो दिला नाही तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळं चालू असतं. माणसं येतात, पंच करतात, लॉग इन होतात. म्हणून पैशांच्या रांगेत पगार मागे जातो. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. ज्याला बंद करायचं बटण नाही, त्याला शेवटी विचारतात, इतकंच.

उरलेले 76 हजार मी 19 जणांना चार-चार हजार पाठवले. तपशिलात लिहिलं, ‘चवथ ॲडव्हान्स’. संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात उतरले तर माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाने रस्ता भरलेला. सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, कवंडळं, केळ्यांचे घड. त्या गर्दीत आमचा शिपाई भेटला. हातात नारळाची एक पेंड आणि लहानसा केळ्यांचा घड. वाळपईकडचा, घरात मोठा. त्याच्याकडे गणपती पाच दिवसांचा. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “ताई, यंदा दीड दिवसाचो केला.” पिढ्यान्पिढ्या चालत आलेले दिवस कमी करणं म्हणजे काय, हे गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सुतक नाही, सोयर नाही, घरात मृत्यू नाही. चार हजार रुपये आणि दीड दिवस. घरी गेले तर आईने विचारलं, “पयशे आयले गो?” मी आले म्हटलं.

ऑक्टोबरात ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली. हे कुणालाच सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. जानेवारीत आमच्या डिझायनरचा फोन आला. आईला छातीत दुखायला लागलं, खासगी हॉस्पिटलात नेलं, कॅशलेसच्या काउंटरवर कार्ड दाखवलं, तर बाई म्हणतात पॉलिसी चालू नाही. “काहीतरी चूक असेल ना? तू बघतेस?” मागून नर्स कुणाला तरी हाका मारत होती. मी तीन महिने जे जाणून होते ते त्याला त्या काउंटरवर, त्या घटकेला सांगितलं. तो काही बोलला नाही. फोनही त्याने कापला नाही. खिशात तसाच ठेवला असावा, कारण नंतर बराच वेळ मला लिफ्टचा आवाज येत राहिला. शेवटी आईला बांबोळीला गोमेकॉत, सरकारी इस्पितळात, हलवलं, तिथे वेळेत उपचार झाले, त्या आता बऱ्या आहेत.

ही घटना तुम्हाला सांगण्यामागे कारण आहे. कंपनीने न भरलेल्या हप्त्याचा बोजा अखेर सरकारी इस्पितळावर आला. न भरलेल्या पीएफचा बोजा उद्या कुणाच्या तरी म्हातारपणावर येईल. तेव्हा स्टार्टअपमधला पगार ही मालक-नोकराची खासगी बाब आहे, असं कुणी म्हणू नये.

16 जानेवारी 2016 ला केंद्राने स्टार्टअप इंडिया सुरू केलं. त्याच्या कृती आराखड्यात सहा कामगार कायद्यांसाठी स्वयंप्रमाणनाची सोय होती: मी नियम पाळते असं कंपनीने स्वतःच लिहून द्यायचं, आणि सुरुवातीची वर्षं तपासणी नाही. त्या सहांत पीएफ होता, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा होता, ग्रॅच्युइटी होती. हेतू चांगला. दोन खोल्यांत काम करणाऱ्या पोरांच्या मागे इन्स्पेक्टर कशाला? तपासणी व्हायचीच तर विश्वासार्ह, पडताळता येईल अशी लेखी तक्रार हवी आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. आमच्या कंपनीचं स्वयंप्रमाणन मीच भरलं. चहा गार व्हायच्या आत झालं.

म्हणजे उरलं दार एकच, लेखी तक्रार. आता आपलं राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं. संस्थापकाची मामी आणि माझी मावशी एकाच देवळाच्या महाजनांतली. पुढच्या नोकरीचा मुलाखतकार गेल्या महिन्यात त्याच्याच शेजारी स्टेजवर बसलेला. रिलीव्हिंग लेटर त्याच्या सहीने मिळायचं. मुंबई-बंगळुरूत माणूस तक्रार करून गर्दीत मिसळून जातो. पर्वरीत तक्रार केलेला माणूस संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात कंपनीच्या संचालकालाच भेटतो. अकरा महिने पीएफ भरला गेला नाही, 23 माणसांना कमीजास्त कळलेलं होतं, लेखी तक्रारी शून्य.

फेब्रुवारी 2025 मध्ये एका ऑनलाइन मीटिंगमध्ये कंपनी बंद झाली. वीस मिनिटांची मीटिंग. चार महिन्यांचे पगार थकलेले, सगळे मिळून साधारण 24 लाख. मग शोधाशोध सुरू झाली. दिवाळखोरी संहितेत कर्मचाऱ्याला अर्ज करता येतो, पण थकबाकी किमान एक कोटी हवी. मार्च 2020 पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. शिवाय गोव्याची प्रकरणं चालतात मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे. आणि समजा गेलो असतो, तर आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांची पाळी तिसरी: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाले धनको, मग आम्ही. बुडालेल्या सॉफ्टवेअर कंपनीत वाटायला असतं काय? आमच्याकडे 19 लॅपटॉप होते. त्यांतले सहा भाड्याचे.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. वेळेवर पगाराच्या हक्काला 24 हजारांची अट उरली नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांना तो आहे. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. आमच्याकडे फुल अँड फायनल म्हणजे ‘पंचेचाळीस दिवसांनी बघू’ असं होतं. थकीत रकमेचा दावा करायला तीन वर्षं आहेत. चांगलं आहे. पण हे सारं पैसे बुडाल्यानंतरचं. बुडण्याआधी ज्यांचा हात पोचू शकतो ते तुम्ही आहात, कारण तुम्ही पैसे देता.

राज्याचं स्टार्टअप धोरण 2017 पासून आहे. 2025 पर्यंत आशियातल्या पहिल्या 25 स्टार्टअप ठिकाणांत गोवा असावा, असं स्वप्न त्यात होतं. बीज भांडवल, जागेच्या भाड्याचा काही भाग परत, गोव्यातल्या मुलांना नोकरी दिली तर पगाराचा काही भाग परत, अशा योजना धोरणात आल्या. मी त्यांच्या विरोधात नाही. माझ्यासारखीला पर्वरीत नोकरी मिळाली, पुण्याला जाऊन पीजीत राहावं लागलं नाही, ते अशा वातावरणामुळेच. माझी मागणी एवढीच की पैसा कंपनीकडे जाताना वाटेत एकदा कर्मचाऱ्याच्या घरावरून जाऊ दे.

पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचं चलन भरलं, कधी भरलं, किती जणांचं भरलं ते दिसतं. लॉगिन लागत नाही. दोन मिनिटांचं काम. प्रत्येक हप्ता सोडण्याआधी ही दोन मिनिटं सक्तीची करा. ज्याच्या पगाराचा परतावा देताय, त्या मुलाला थेट एक मेसेज पाठवून विचारा की या महिन्याचा पगार पडला का. सॅलरी स्लिपवर विसंबू नका. स्लिप मी बनवायची; तिच्यावर काय वाट्टेल ते छापता येतं, आणि मी छापलं आहे. तक्रारीचं म्हणाल तर एकट्याची सही मागू नका. एकाच कंपनीतून नाव गुप्त ठेवून तिघांनी कळवलं तर चौकशी सुरू होईल, असं काहीतरी ठरवा. छोट्या राज्यात तिसरी सही येईपर्यंत पहिल्या दोघांचं नाव झाकलेलं राहिलं तरच पहिला माणूस पुढे येईल.

आणि पुरुमेंत. बीज भांडवल द्याल त्यातून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात अडकवून ठेवा, पगाराशिवाय दुसऱ्या कशालाही न काढता येणारी. कंपनी चालली तर ती रक्कम तिचीच आहे. बुडाली तर निदान दोन महिन्यांचं धान्य घरात असेल. संस्थापक कुरकुरतील, की पैसा वाढीला लागायचा तो पडून राहतो. मेमध्ये मडक्यात भरलेला तांदूळही पडूनच असतो.

यावर कुणी म्हणेल की अशा अटी घातल्या तर स्टार्टअप गोव्यात यायचे नाहीत. जे दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवू शकत नाहीत ते आले नाहीत तर आपलं काय जातं, हे मला खरोखर समजावून घ्यायला आवडेल. आज दर कार्यक्रमात मुलांना ऐकवलं जातं, नोकऱ्या मागणारे होऊ नका, नोकऱ्या देणारे व्हा. आणि मग सरकारी कारकुनाच्या जागेला हजारोंनी अर्ज आले की हीच मुलं आळशी ठरतात. माझी आई आजही वर्तमानपत्रातली सरकारी भरतीची जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवते. आमच्या डिझायनरने, ज्याच्या हाताला खरोखर गुण आहे, गेल्या वर्षी एलडीसीचा, म्हणजे सरकारी कारकुनाच्या जागेचा, फॉर्म भरला. मी त्याला आळशी म्हणू शकत नाही. त्याने काउंटरवर उभं राहून शिकलेलं आहे.

आम्ही अकरा जणांनी मिळून पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात, कामगार खात्याकडे, अर्ज दिला आहे. तिथे नीट ऐकून घेतलं गेलं. पुरावा म्हणून मी पगाराची शीट छापून नेली होती, नववा रकाना धरून. आत बोलावणं येईपर्यंत बाहेर बाकावर ती सगळ्यांच्या हातांतून फिरली. जो तो आपली ओळ शोधत होता. सपोर्टच्या मुलीने बोटाने मोजलं, तिला ‘बँकेचा सर्व्हर’ सहा वेळा सांगितला होता. डेव्हलपर सगळे सोमवार मोजून हसला. डिझायनरने शीट बघितली नाही, पुढे दिली. शिपायाने सावकाश वाचली, बोट खाली नेत नेत माझ्या नावापाशी थांबला. पगार माझाही चार महिन्यांचा थकलेला. माझ्यासमोरचा नववा रकाना रिकामा होता.

“आनी तुका कोणें सांगलें?” त्याने विचारलं.

तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला.

कळावे,
आपली,
एका बंद पडलेल्या कंपनीची माजी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह,
फोंडा, गोवा